घरातला ‘नारद’ कुणी घडवला? लहान ब्राँझमूर्तीचा कर्ता शोधण्याची रीत

गिरगावातल्या एका काकूंनी पंच्यात गुंडाळलेली मूर्ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “आमच्याकडे याला नारद म्हणतात. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून.” आजेसासरे फोर्टमध्ये एका सॉलिसिटरकडे कारकून होते. साहेबाचा बंगला आवरला तेव्हा पगाराच्या थकबाकीपोटी म्हणा किंवा मायेपोटी म्हणा, हा नारद त्यांच्या पदरात पडला. वीतभराहून थोडा उंच, एका पायाच्या चवड्यावर तोललेला, उजव्या हाताचं बोट आभाळाकडे, टोपीला पंख, टाचांना पंख. देवांचा निरोप्या आणि पायाला भिंगरी, म्हणजे नारदच की!

रोमन लोक याला मर्क्युरी म्हणत. वाऱ्याच्या फुंकरीवर उभा असलेला हा उडता मर्क्युरी मूळचा फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारचा शिल्पकार जाम्बोलोन्या (१५२९–१६०८) याच्या डोक्यातून आला. मोठा, माणसाएवढा मर्क्युरी १५८० च्या सुमाराचा आहे आणि तो फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात उभा आहे. काकूंच्या नातवाने मोबाईलवर त्याचा फोटो काढून मूर्तीशेजारी धरला. “बघा, सेम टु सेम. मग हा त्याचाच ना?”

या प्रश्नाचं उत्तर कसं काढतात ते इथे सांगतो. मर्क्युरी हे निमित्त. घरात हर्क्युलिस असो, व्हीनस असो की सेंटॉर, रीत तीच.

आधी प्रश्न नीट मांडा

‘कुणी केली’ हा एक प्रश्न नाही, चार आहेत. मूळ नमुना कुणाचा? त्यावरून ओतकामासाठी मेणाची प्रत कुणी तयार केली? ओतकाम कुणाच्या भट्टीत झालं? आणि ओतल्यावर छिन्नी-कानस चालवून मूर्तीला शेवटचा हात कुणी दिला?

गणपतीचा कारखाना पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेणच्या एखाद्या जुन्या मूर्तिकाराने मॉडेल केलं, त्यावरून साचा निघाला, साच्यात माती दाबणारी पोरं वेगळी, जोड पुसणारा वेगळा, रंग मारणारा वेगळा. आणि डोळ्यांची आखणी मात्र मालक स्वतः करणार. मूर्ती कुणाची म्हणून विचारलं तर सगळे एकच नाव सांगतात. शिवाय दुसऱ्या गावचा कुणी ती मूर्ती विकत नेतो, तिच्यावरूनच साचा काढतो आणि पुढच्या वर्षी तोच गणपती दुसऱ्या मंडपात बसतो, किंचित लहान आणि नाकाडोळ्यांनी जरा बोथट.

जाम्बोलोन्याच्या कारखान्यात हेच चाले. नमुने त्याचे. ओतकाम आणि सफाई यांत आंतोनिओ सुसिनी हा त्याचा उजवा हात. सुसिनीने १६०० च्या सुमारास स्वतःचं दुकान थाटलं आणि गुरूच्या नमुन्यांवरून मूर्ती ओतणं चालू ठेवलं. पुढे त्याचा पुतण्या जानफ्रान्चेस्को त्याच धंद्यात आला. गुरूनंतर दरबारी शिल्पकार झालेला पिएत्रो ताक्का हाही त्याच कारखान्यातला. म्हणजे ‘जाम्बोलोन्याची मूर्ती’ या दोन शब्दांत निदान पन्नास वर्षं आणि अर्धा डझन हात मावतात. उरलेली नक्कल एकोणिसाव्या शतकाने केली, आणि ती शेकड्याने केली.

म्हणून माझा नियम: सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात. मूर्ती ही उशिराची नक्कल आहे असं धरून चालायचं आणि पुराव्याने ढकललं तरच एक पायरी वर चढायचं. वरून खाली उतरायचं ठरवलं की मन प्रत्येक पायरीवर अडून बसतं.

हात लावण्याआधी

काकूंनी आणण्याच्या आदल्या दिवशी नारदाला चिंच आणि रांगोळीने लख्ख घासलं होतं. पाहुण्याकडे जायचं म्हणून. देवघरातल्या समईला आपण तेच करतो, त्यात त्यांची चूक नाही. पण ब्राँझच्या अंगावरचा तपकिरी थर हा मळ नसतो. फ्लॉरेन्सच्या कारखान्यांत मूर्तीवर लालसर-सोनेरी, आरपार दिसणारा लाखेसारखा लेप देत. उंचवट्यांवर, म्हणजे गुडघा, खांदा, नाकाचा शेंडा इथे, तो हात लागून लागून झिजतो आणि बगलेत, केसांच्या वळणांत टिकतो. झीज कुठे आहे यावरून मूर्ती खरोखर हाताळली गेली की जुनी दिसावी म्हणून रंगवली हे कळतं. घासलं की ही साक्ष पुसली जाते. नशिबाने काकूंचा हात टोपीच्या पंखांखाली पोचला नव्हता.

तेव्हा चिंच, लिंबू, ब्रासो, टूथपेस्ट, काही नको. बैठकीखाली चिकटलेला कागदाचा कपटा, रंगवलेला आकडा, मेणाचा शिक्का यांपैकी काही काढू नका. बैठक स्क्रूने बसवली असेल तर आधी फोटो, मग स्क्रू.

फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश बंद. चारी बाजू, डोकं वरून, तळ खालून आणि डोळे, कान, नखं, केसांचं टोक यांचे जवळचे. सोबत पट्टी ठेवा. शेवटी फिरून फिरून याच जवळच्या फोटोंकडे यावं लागतं, म्हणून इथे आळस नको.

धातू आहे तरी कोणता

हे चटकन उरकतं. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी आधीच पडलेला एखादा ओरखडा भिंगातून पाहा. आत राखाडी-पांढरा दिसला तर ते जस्ताचं ओतकाम आहे, वरून ब्राँझचा रंग. एकोणिसाव्या शतकात असल्या स्वस्त शोभेच्या मूर्ती ढिगाने निघाल्या आणि चोरबाजारात मटन स्ट्रीटवर “अंग्रेज के जमाने का असली ब्राँझ” म्हणून आजही विकल्या जातात. अंग्रेज के जमाने का हे खरंच असतं, ब्राँझ नसतं. आत पिवळा किंवा तांबूस रंग दिसला तर पुढे चला.

माप: खोटं न बोलणारा साक्षीदार

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांना याचाच कंटाळा येतो.

वितळलेलं ब्राँझ थिजताना आकसतं, साधारण दीड ते दोन टक्के. एखाद्याने मूळ मूर्तीवरूनच साचा घेऊन नवी ओतली, तर नवी मूर्ती तेवढी लहान येणार. तीस सेंटिमीटरच्या मूर्तीत हा फरक साडेचार ते सहा मिलिमीटर पडतो. नक्कलेवरून नक्कल केली तर आणखी तेवढा. गणपतीच्या साच्याची गोष्ट तीच.

पण एकूण उंची मोजू नका. उंचावलेलं बोट वाकलेलं असतं, बैठक बदललेली असते, पंख पुन्हा जोडलेले असतात. जिथे वाकायला वाव नाही अशी दोन टोकं धरा: गुडघ्याच्या वाटीपासून टाचेपर्यंत, हनुवटीपासून बेंबीपर्यंत, दोन स्तनाग्रांमधलं अंतर, पावलाची लांबी. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर लोहार चाळीत किंवा ऑनलाइन सहज मिळतो. त्याच्या जबड्याला कागदी टेप लावा म्हणजे मूर्तीवर चरा उठणार नाही. प्रत्येक माप तीनदा घ्या. मग संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेल्या, कागदपत्रांनी सिद्ध झालेल्या मूर्तींच्या मापांशी ताडा. प्रसिद्ध मापांत बहुधा एकूण उंचीच असते, म्हणून संग्रहालयाला नेमक्या दोन टोकांमधलं माप मागणारा ईमेल लिहावा लागतो. युरोपातली संग्रहालयं असल्या ईमेलना उत्तर देतात. वेळ लागतो, पण देतात.

सगळीच मापं एकसारख्या प्रमाणात कमी आली तर शंका घट्ट होते. काही कमी, काही जास्त आली तर उलट बरं: त्या कारखान्यात मेण हाताने जुळवताना हात-पाय जरा इकडे-तिकडे होत, आणि तसा फरक अस्सल जोडीतही सापडतो.

आणखी एक तिढा. १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये आशिल कोलास याने मूळ शिल्पाची हव्या त्या आकाराची छोटी प्रत काढणारं यंत्र आणलं आणि बार्बेदिएन यांच्या ओतशाळेने त्यावर मोठा धंदा उभा केला. अशी यांत्रिक प्रत कितीही लहान असू शकते, म्हणून तिला दोन टक्क्यांचा हिशेब लागू नाही. तिच्यावर बहुधा ओतशाळेचं नाव किंवा कोलासचा गोल शिक्का असतो. कधी तो कुणीतरी कानसून काढलेला असतो. तळाच्या कडेला एखादा रुपयाएवढा भाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत दिसला तर तिथे बोट ठेवून थांबा.

मूर्तीच्या पोटात

आपल्या तमिळनाडूतल्या स्वामीमलईच्या स्थपतींची, म्हणजे मूर्तिकारांची, रीत आठवा. मेणाची मूर्ती घडवायची, वर माती लिंपायची, मेण जाळायचं, धातू ओतायचा, साचा फोडायचा. मूर्ती भरीव आणि एकमेवाद्वितीय; मेण गेलं म्हणजे नमुनाही गेला. युरोपातल्या दरबारांना मात्र त्याच मूर्तीच्या दोन-चार प्रती हव्या असत, नातेवाईक राजांना नजराणा म्हणून पाठवायला. म्हणून मूळ नमुन्यावरून तुकड्यातुकड्यांचा प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाचा पातळ थर, आत माती-प्लास्टरचा गाभा, गाभा जागेवर राहावा म्हणून आरपार खिळे. धातू मेणाची जागा घेतो, नमुना शाबूत राहतो. इटलीतल्या मांतुआच्या गोन्झागा दरबारचा शिल्पकार आंतिको याने ही रीत लहान मूर्तींसाठी फार लवकर आपलीशी केली. १५१९ मध्ये त्याने त्या घराण्याची सून इसाबेल्ला देस्ते हिला पत्र लिहून पूर्वी केलेल्या मूर्ती पुन्हा ओतून देण्याची तयारी दाखवली होती.

याचा अर्थ असा की खरी साक्ष आत आहे. तुंबलेला पाइप बघायला प्लंबर वापरतात तो वायरीचा छोटा कॅमेरा तळातून आत सोडा. आतल्या भिंतीवर मेणाचे ओघळ, ब्रशचे फटकारे, दोन मेणाचे भाग जोडताना उठलेली गोलसर कड असं काही धातूत जसंच्या तसं उतरलेलं दिसलं तर मूर्ती मेणातून आली. खांद्यापाशी किंवा मांडीपाशी धातूला धातू बसवल्याची नेमकी गोल रेघ, आत बाही आणि आडवी पिन असं दिसलं तर हात-पाय वेगळे, वाळूच्या साच्यात ओतून मागाहून बसवले; एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ओतशाळांची ती सरधोपट रीत.

याच जागी माणसांची ओळखही पटते. प्रागला सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा दरबारी शिल्पकार झालेला आद्रियान द व्ह्रीस (मृत्यू १६२६) जाम्बोलोन्याच्याच हाताखाली तयार झाला, पण विशेषतः उत्तरायुष्यात तो गाभ्यावर थेट मेण चढवून घडवी आणि एकदाच ओती. त्याची सारखी दुसरी प्रत समोर आली तर ती आनंदाची बातमी नव्हे, धोक्याची घंटा.

शेवटचा हात

आता भिंग घ्या. दहापट पुरे.

गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारा ओळखू येतो, तसा इथे छिन्नी चालवणारा ओळखू येतो. सुसिनीचं काम म्हणजे काटेकोरपणा: नखांच्या कडा सुबक, केसांची प्रत्येक बट वेगळी उचललेली, कातडी काचेसारखी आणि पापणीची कड धारदार. द व्ह्रीसकडे उलट: मेणावर उठलेला बोटाचा दाब तसाच सोडलेला, छिन्नी जेमतेम. आंतिकोकडे काळसर अंग, केसांना आणि वस्त्राला सोन्याचा मुलामा, डोळ्यांत चांदी. तिघेही दरबारांसाठी काम करणारे, पण सफाईची कल्पना तिघांची तीन तऱ्हांची.

पाहायचं ते हे: केसांतली रेघ धातूत कापली आहे की साच्यातून आली आहे? कापलेल्या रेघेचा तळ स्वच्छ आणि कडा तीक्ष्ण असतात. साच्यातून आलेली रेघ साबणाच्या वडीवरच्या नावासारखी, कडा विरघळलेल्या. सगळ्या मूर्तीभर कडा विरघळलेल्या असतील तर ती मूर्तीवरून घेतलेली मूर्ती आहे, मग कागदपत्रं काहीही म्हणोत. काकूंच्या नारदाच्या कानात मी बराच वेळ डोकावलो. कान म्हणजे दोन वळ्या आणि एक खळगा, बस्स. जो कलावंत मेदिचींसाठी काम करतो तो कान असा सोडत नाही.

स्वाक्षरीलाही हाच नियम, आणि स्वाक्षरी मी मुद्दाम शेवटी पाहतो. उमेदवारीच्या काळात एका व्हीनसच्या पायाखालची अक्षरं वाचून मी फोनवर मालकाला नाव सांगून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिलं तर अक्षरं कोरलेली नव्हती, ओतलेली होती. मूळ मूर्तीची सही साच्याबरोबर नक्कलेतही उतरली होती. मालकाला पुन्हा फोन करताना माझा आवाज कसा होता ते विचारू नका.

प्रयोगशाळा, आणि क्रम

झवेरी बाजारात सोन्याचा टंच काढणारं क्ष-किरणांचं यंत्र असतं, तेच तत्त्व ब्राँझला चालतं. पण ते यंत्र सोन्यासाठी जुळवलेलं असतं, तांबं-कथील-जस्ताचे आकडे अंदाजे येतात. मिश्रधातूंसाठी जुळवलेलं यंत्र शोधा, आणि लक्षात ठेवा की ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. लेप किंवा मुलाम्यावर धरलंत तर लेपाचाच टंच येईल. तळाच्या उघड्या धातूवर धरा.

आकड्यांत जस्ताकडे पाहा. राजस्थानात झावर इथे जस्त गाळायची विद्या मध्ययुगापासून होती. युरोपात मात्र जस्त धातू म्हणून मोठ्या प्रमाणात गाळायची सुरुवात १७३८ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने पेटंट घेतल्यानंतरची. त्याआधी तिथे पितळ करताना तांबं आणि जस्ताची खनिज माती एकत्र तापवत, आणि त्या रीतीने जस्त साधारण २८–३० टक्क्यांच्या पुढे सहसा जात नसे. आकडा ३५ आला तर सोळावं शतक विसरा. आकडा कमी आला म्हणून मात्र मूर्ती जुनी ठरत नाही. कमी जस्ताचं मिश्रण आजही कुणीही ओतू शकतो. धातूची चाचणी नाकारायला उत्तम, स्वीकारायला दुबळी.

आत गाभ्याची माती शिल्लक असेल तर तिची तापदीप्ती चाचणी करता येते: माती शेवटची कधी भाजली याचा अंदाज. चारशे वर्षं की दीडशे, हे ती सांगते. १६०० की १६३०, म्हणजे जाम्बोलोन्या की ताक्का, हे सांगणं तिच्या आवाक्यात नाही. इथे एक चूक हमखास होते: आधी एक्स-रे आणि मग माती. एक्स-रेचा मारा मातीत साठतो आणि वय चुकतं. आधी मातीचा नमुना काढून अंधाऱ्या डबीत बंद करा, मगच एक्स-रे. तो इस्पितळात नको, ब्राँझमधून तिथला किरण धडपणे पार होत नाही. वेल्डिंगचे जोड आणि ओतकाम तपासणाऱ्या औद्योगिक प्रयोगशाळेत करा. खिळ्यांच्या जागा, गाभ्याचा आकार, भिंतीची जाडी, जुनी डागडुजी, सगळं एका फिल्मवर येतं.

कागद

नजराण्याच्या मूर्तींचे कागद कधीकधी थक्क करणारे असतात. १५८७ मध्ये मेदिचींनी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या शासकाला (तो राजा नव्हे, ‘इलेक्टर’) ब्राँझच्या मूर्ती पाठवल्या तेव्हा जाम्बोलोन्याने स्वतःतर्फे एक मार्स (रोमनांचा युद्धदेव) भेट दिला. तो ड्रेस्डेनच्या संग्रहात राहिला, १९२४ मध्ये राजघराण्याकडे परत गेला, मग विकला गेला आणि २०१८ मध्ये लंडनच्या लिलावाआधीच मागे घेऊन पुन्हा ड्रेस्डेनला आला. असा माग असला की ‘कुणाची’ हा वाद उरत नाही. रुडॉल्फच्या संग्रहाची १६०७ ते १६११ मधली यादी आहे. त्या संग्रहाचा प्रागमधला बराच भाग १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने लुटला. फ्रेंच राजसंग्रहातल्या ब्राँझवर क्रमांक कोरलेले असत. म्हणून तळावरचा साधा आकडाही उतरवून घ्या.

आपल्या घरांत यादी नसते, पण वाटणीपत्र असतं, लिलावाची पावती असते, इन्शुरन्सचा कागद असतो. आणि फोटो! लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या टेबलावर काय आहे ते भिंगातून पाहा. काकूंच्या घरी सासऱ्यांच्या मुंजीचा फोटो निघाला, त्यात कोनाड्यात नारद होता आणि डाव्या हातात सापांची काठीही होती, जी आता नाही. ‘आमच्या पणजोबांना राजाने दिली’ ही आठवण मात्र टिपून ठेवायची, पुराव्यात धरायची नाही.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो. १०० वर्षांहून जुनं धातुशिल्प म्हटलं की १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो: नोंदणीचा प्रश्न येतो, विकणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. ‘लंडनच्या लिलावात पाठवू’ असं कुणी म्हणालं तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याला गाठा.

निर्णय लिहिताना

एकेक शब्द तोलून. नुसतं नाव लिहिलं म्हणजे त्याच्या देखरेखीखाली झालेली मूर्ती. ‘कारखान्यातली’ म्हणजे त्याच्या हयातीत, त्याच्या माणसांनी केलेली. ‘वर्तुळातली’ म्हणजे जवळचा, पण नाव न सांगता येणारा हात. ‘नमुन्यावरून’ म्हणजे कल्पना त्याची, बाकी कुणाचंही, केव्हाचंही. आणि ‘शैलीत’ म्हणजे कल्पनासुद्धा त्याची नाही. प्रत्येक शब्दापुढे तो कशावरून ठरला ते एका ओळीत लिहा आणि विरोधी पुरावाही तिथेच मांडा. पुढच्या माणसाला तुमचं मत खोडता आलं पाहिजे.

काकूंच्या मूर्तीचा तळ आतून वाळूच्या साच्यासारखा खरखरीत. दोन्ही खांद्यांत बसवलेले जोड आणि पिना. बैठकीचा स्क्रू यंत्रावर कापलेला. जस्त ३० च्या बरंच पुढे. टोपीच्या पंखाखाली उरलेला तपकिरी रंग सपाट, त्यात लाखेची खोली नाही. मी लिहिलं: ‘मर्क्युरी. जाम्बोलोन्याच्या नमुन्यावरून, बहुधा फ्रान्स, १९ व्या शतकाचा उत्तरार्ध. वाळूच्या साच्यात, तुकड्यांत ओतलेली. डाव्या हातातली काठी गहाळ. जुन्या कौटुंबिक फोटोत दिसते.’

नातवाचा चेहरा पडला. काकूंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नारदाला पुन्हा पंच्यात गुंडाळायला घेतलं.

“मग आता घासायचा नाही तर धूळ कशी काढू?”

“रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश. आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात खिडकीजवळ ठेवू नका, आणि उचलताना त्या वर केलेल्या हाताला धरू नका.”